कोरी वाळू

वाळवंट बघायला कशाला जायचं, असं माझं पहिल्यापासूनचं मत. वाळू ती वाळू. गल्लीत कुणाचं बांधकाम निघालं की दारातच ढीग पडतो, तो बघावा आणि आपल्या कामाला लागावं. माझ्या धाकट्या भावाला मात्र हे कधी पटलं नाही. त्याच्या पायाला जन्मापासून भिंगरी. आई त्याला भिंगरीच म्हणायची, आणि हळूहळू गल्लीनेही त्याचं खरं नाव सोडून दिलं.

चार वर्षांपूर्वी हा भिंगरी एकटाच वाळवंटातल्या त्या राष्ट्रीय उद्यानात गेला आणि परत आला नाही. अकरा दिवस त्याला शोधलं. काही सापडलं नाही, पायातले बूटसुद्धा नाहीत. बुटांचं मी मुद्दाम सांगते, कारण ते माझ्या हातचे होते. आमचं बूट दुरुस्तीचं दुकान आहे आणि वडिलांच्या मागे ते मीच चालवते. जायच्या आधी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. घराचं छप्पर गळत होतं, आणि या साहेबांना वाळू बघायची होती! मी बोलायचं ते सगळं बोलले. माझी जीभ रापीसारखी आहे, असं आईच म्हणते, आणि रापीने आम्ही चामडं कापतो. पण बूट मात्र मीच करून दिले. जुना तळ काढून टायरचा नवा तळ बसवला, कडेने दुहेरी शिवण घातली, आणि टाचेच्या आतल्या कोपऱ्यात तीन बारीक तिरके काप दिले. ही आमच्या दुकानाची खूण. सहा महिन्यांत शिवण उसवली तर मी फुकट शिवून देते, पण खूण असेल तरच. नाहीतर लोक कुठलेही बूट आणून माझ्या गळ्यात मारतील.

चार वर्षं आई वाट बघत होती. रडणं नाही, बोलणं नाही, नुसती वाट बघणं. घराच्या दाराचं कुलूप बिघडलं होतं. खांदा लावल्याशिवाय दार उघडायचं नाही, पण ती बदलू देत नव्हती, कारण जुन्या कुलपाची किल्ली त्याच्याकडे होती. मग या वर्षी एक दिवस भाजी चिरता चिरता म्हणाली, "मला एकदा ती जागा बघायची आहे." मी चक्क हो म्हटलं. मनात म्हटलं, बघू दे. केवढं मोठं आहे ते एकदा डोळ्यांनी बघितलं की तिचं तिला कळेल, तिथून माणूस येत नसतो. मला तिचं ते वाट बघणं संपवायचं होतं. आईला घेऊन जायचं आणि मोकळी झालेली आई परत आणायची, एवढ्यासाठीच मी दुकानाला आठवडाभर कुलूप लावलं.

पैशांची तंगी होतीच. भिंगरीने जी युक्ती केली होती तीच आम्ही केली. त्या उद्यानात राहण्याच्या खोल्या महाग, पण कामाच्या बदल्यात मुक्काम मिळतो. काम असं, की वाळूवरची पावलं पुसायची. लांबून येणारे श्रीमंत पाहुणे पहाटे गाडीतून उतरतात, त्यांना समोर कोरी वाळू हवी असते. कुणाचं पाऊल नको. त्या टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात त्या दिवसांत वारा उतरतच नाही, पडलेलं पाऊल महिना महिना तसंच राहतं. म्हणून संध्याकाळी पाहुणे गेले की एकदा आणि सकाळी उजाडताना एकदा, खराटा घेऊन मागे मागे सरकत सगळं पुसून काढायचं. दोन पाळ्या केल्या की खोली फुकट. मागे सरकायचं अशासाठी, की आपली पावलंही आपणच पुसत यायची.

आगगाडीचा सगळ्यात स्वस्त डबा, मग दोन बस, बरोबर उकडलेले बटाटे आणि बिस्किटांचे पुडे. बसमध्ये आईने एकदाही पाय दुखतात म्हटलं नाही. दुपारी पोचलो. खोली म्हणजे पत्र्याची लांबलचक चाळ होती, तिच्यातली शेवटची. दोन लोखंडी खाटा, एक खिडकी, मागच्या अंगाला उघडणारं दार, आणि दारापासून तीसेक पावलांवर पाण्याची टाकी. टाकीचा नळ थेंबथेंब गळत होता. त्याच्यामागे लगेच वाळूच्या टेकड्या, एकीमागे एक. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. केवढं मोठं आहे हे तिला दिसत होतं. ती म्हणाली, "इथे झोप छान लागत असेल."

आमच्यावर देखरेखीला एक बाई होती, साठीच्या घरातली, गुडघ्यांनी बेजार झालेली, पण आवाज असा की टेकडीपलीकडून ऐकू यावा. सगळे तिला खराटामावशी म्हणत. तिने मला खराटा धरायला शिकवला. मी डावखुरी, त्यामुळे माझा फटका उलटा पडायचा, तर म्हणाली, "असू दे बाई, वाळूला काय, पुसलं म्हणजे झालं." आईला तिने बसून राहायला सांगितलं. आई कसली बसते! जन्मभर घर झाडलेली बाई ती, अर्ध्या तासात माझ्या दुप्पट वाळू साफ करून मोकळी झाली.

आम्ही कोण हे मी मावशीला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगावं लागलं.

नुकतं उजाडत होतं. माझ्या वाट्याला तिसऱ्या टेकडीची आडबाजूची, चाळीच्या अंगाची उतरण आली होती. तिथे पाहुणे जात नाहीत, आम्हीही आदल्या संध्याकाळी तिकडे फिरकलो नव्हतो. मी वळसा घालून तिथे गेले आणि बघते तर वरच्या काठापासून पावलांची एक ओळ खाली उतरत आलेली. अर्ध्या उतरणीपर्यंत आली होती आणि तिथे संपली होती. पुढे काही नाही. मागे वळल्याचंही काही नाही. जणू चालता चालता माणूस उचलून नेला.

मी वाकले ते सवयीने. बुटाचा तळ दिसला की मी वाकणारच, रस्त्यातही वाकते, लोक हसतात. दवाने वाळूवर पातळ पापुद्रा धरला होता आणि त्यात ठसा स्वच्छ उठला होता. टायरच्या जाड नक्षीचा तळ. कडेने दुहेरी शिवण. टाचेच्या आतल्या कोपऱ्यात तीन तिरके काप.

मी दुसरा ठसा बघितला, तिसरा बघितला, सगळ्यांवर तेच. हाताने शिवलेली ओळ माणसाला ओळखता येत नाही असं कुणी म्हणू नये. चौथ्या टाक्याला माझी आरी नेहमी थोडी बाहेर जाते, ती तिथेही गेली होती. मी ओरडले असेन, कारण आई आणि तिच्यामागे मावशी लंगडत लंगडत तिथे आल्या.

"ही होय," मावशी म्हणाली. "ही रोजचीच आहे. पुसून टाक."

"रोजची म्हणजे?"

"रोजची म्हणजे रोजची. चार वर्षं झाली. सकाळी आलं की इथवर असते. पुसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा वरपासून इथवर. सुरुवातीला मी पण घाबरले होते. मग म्हटलं, आपल्याला काय करायचंय, आपलं काम पुसायचं."

आई खाली बसली होती. तिने ठशाला हात लावला नाही, नुसता हात त्याच्यावर धरला, शेगडीवर धरतात तसा. मग तिने मला विचारलं, "तुझेच ना बूट?"

मला खोटं बोलता आलं असतं. आलं नाही. "माझेच," मी म्हटलं.

मग मावशीला सगळं सांगितलं. तिचा तो मोठा आवाज एकदम लहान झाला. म्हणाली, "तो मुलगा मला आठवतो. पाळीवर होता. त्या दुपारी सुट्टी होती म्हणून एकटाच मागे चढून गेला. वारा नाही, आपली पावलं आपल्याला परत आणतील, असं म्हणाला असणार मनाशी. सगळेच म्हणतात. संध्याकाळी मी आले, बघितलं तर मागच्या बाजूला कुणीतरी पावलं उठवलेली. मी पुसून टाकली. मला काय माहीत, वर कुणी आहे म्हणून?"

असं ते होतं. चार वर्षं मी वाळूला, नशिबाला आणि त्याच्या भिंगरीला शिव्या घातल्या, आणि माझा भाऊ हरवला होता एका खराट्यामुळे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं आणि माझी रापी चालेना.

आई शांत होती. इतकी शांत की मला तिचीच भीती वाटली. "म्हणजे तो निघालाय परत," ती म्हणाली. "रोज निघतो बिचारा. वाट इथवर होते. आणि ही बाई रोज पुसते. मग त्याला पुन्हा पहिल्यापासून."

"आई, काहीतरी बोलू नकोस."

"मी ही ओळ पुसू देणार नाही," आई म्हणाली, आणि उतरणीवर फतकल मारून बसली.

मावशीने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा चाळीकडे. उद्यानाचे साहेब ऑफिसच्या गच्चीवरून दुर्बिणीने वाळू तपासतात, हे तिने आम्हाला आधीच सांगितलं होतं. एक पाऊल राहिलं तरी त्या पाळीचा मुक्काम फुकट धरत नाहीत. मग ती म्हणाली, "या बाजूचं साहेबांना दिसत नाही. आणि माझ्या गुडघ्यांना इकडे येणं जमत नाही. काय पुसलं, काय राहिलं, मला कसं कळणार?" एवढं बोलून ती लंगडत निघून गेली.

आम्ही ती ओळ ठेवली.

त्या दिवशी आई पोटभर जेवली. वेणी घातली. खाटेवर बसून मला भिंगरीच्या लहानपणच्या गोष्टी सांगत बसली, ज्या मलाच जास्त माहीत होत्या, कारण त्याला काखोटीला मारून मीच हिंडत होते. मला हसू येत होतं आणि काळजात धस्स होत होतं, दोन्ही एकदम. चार वर्षांत ती इतकी बोलली नव्हती. मी तिला इथे वाट बघणं संपवायला आणलं होतं, आणि ती तर नव्याने सुरू करून बसली.

दुसऱ्या सकाळी ओळ पुढे आली होती. जिथे संपली होती तिथूनच सुरू होऊन तिसरी टेकडी उतरून दुसरीच्या पायथ्याशी पोचली होती. मी मोजली, दोनशे सात पावलं. आई माझ्याकडे अशी बघत होती की जणू परीक्षेचा निकाल लागला. "बघितलंस?" एवढंच म्हणाली. मी त्या ठशांकडे बघत होते. काहीतरी खटकत होतं. पण उतरणीवर वाळू सरकते, तिथे कुणाचंही पाऊल वेडंवाकडंच पडतं. मी मनातला विचार झटकून टाकला. खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं, की येईल. त्या दिवशी पुसता पुसता मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडले, आणि चार वर्षांत पहिल्यांदा मला ते भांडण गोड वाटलं.

तिसऱ्या सकाळी मी आईच्या आधी उठले. तोंड धुवायला टाकीवर गेले आणि तिथेच थांबले.

ओळ टाकीपर्यंत आली होती.

नळ गळायचा म्हणून टाकीभोवती वाळू ओली असायची. ओली, सपाट आणि घट्ट. तिथे ठसा असा उठतो की मी माझ्या दुकानात खडूने काढला तरी इतका नीट येणार नाही. तिथे ती दोन पावलं शेजारी शेजारी उभी होती. चालणाऱ्याची नव्हती ती, उभ्या माणसाची होती. बराच वेळ उभं राहिलं की तळ सावकाश खाली बसतो, तसा तो बोटभर खाली बसला होता. आणि दोन्ही पावलांची टोकं आमच्या दाराकडे होती.

दार आईने दोन रात्री नुसतं लोटून ठेवलं होतं, कडी न लावता.

मी खाली बसले आणि पहिल्यांदा ते ठसे दुकानातल्यासारखे वाचले. आता उतरण नव्हती, सबब नव्हती. माझ्या भावाची चाल मला पाठ आहे. त्याने आयुष्यात जेवढे बूट झिजवले ते सगळे मीच बांधले. तो टाच आधी टेकवायचा, बाहेरची कड, दोन्ही पायांची सारखी, आणि चवडे जरासे आत वळलेले. त्याची टाच बाहेरून झिजायची आणि आतून कोरी राहायची. इथे डावं पाऊल ठीक होतं. उजवं त्याचं नव्हतं. उजव्याचा चवडा बाहेर वळलेला, सगळा भार पुढे, बोटांवर, आणि टाच जेमतेम टेकलेली. मागची दहा पावलं बघितली. दहाही तशीच. डावं टाकायचं आणि उजवं नुसतं ओढून आणायचं, अशी ती चाल होती.

बूट माझ्या भावाचे होते. आत पाय दुसऱ्या कुणाचा तरी होता.

पाय दुखावला असेल, असंही एकदा मनात आलं. दुकानात लंगडत येणारी गिऱ्हाईकं काय कमी असतात? पण तिकडे तसं काही झालं असतं तर त्याने फोन केला असता, आणि घरात सगळ्यांच्या आधी मला कळलं असतं. आमच्या घरातली सुई माझ्याशिवाय इकडची तिकडे होत नाही. नाही, हे दुसरंच काहीतरी होतं. चार वर्षं वर पडलेले ते बूट कुणीतरी, किंवा कशानेतरी, पायात घातले होते, आणि माझी म्हातारी आई दार लोटून त्याची वाट बघत होती. मी आतापर्यंत घाबरले नव्हते, कारण तो माझा भाऊ होता. आता मात्र घाबरले.

"कुठवर आलाय?" मागून आईने विचारलं. ती दारात उभी होती.

मी टाकीच्या आड उभी राहून पायाने ती दोन पावलं मोडून टाकली. "इथवर," मी म्हटलं. "टाकीच्या मागपर्यंत."

आई हसली. काय हसली सांगू! मला इतकं वाईट वाटलं की मी नळाखाली डोकं धरलं. "म्हणजे आज घरी येणार," ती म्हणाली.

त्या दिवशी संध्याकाळी आमची शेवटची पाळी होती. दुसऱ्या दिवशी नऊची बस. आई न्हायला गेली, गरम पाणी मिळालं तर डोक्यावरून न्हायली, मुलगा येणार म्हणून. तेवढा वेळ मला मिळाला. मी कुणाला काही विचारलं नाही. मी कधीच विचारत नाही. मला जे योग्य वाटतं ते मी करते आणि मग सांगते, आणि पुष्कळदा सांगतही नाही. टाकीपासून मी खराटा चालवायला घेतला. मागे सरकत सरकत दुसऱ्या टेकडीचा पायथा, तिसरीची उतरण, वरच्या काठापर्यंत. हात भरून आले तरी थांबले नाही. काठावर पोचले तेव्हा पलीकडे बघायची मला हिंमत झाली नाही. मी पाठ तिकडे करून उभी होते, आणि मला वाटलं, अगदी पक्कं वाटलं, की मागे, चार हातांवर, कुणीतरी मी पुसते आहे ते बघत उभं आहे. आवाज काही नव्हता. श्वाससुद्धा नव्हता. नुसतं कुणीतरी होतं. मी शेवटचा फटका मारला आणि बाजूच्या दुसऱ्या उतरणीने चाळीकडे पळत सुटले.

आई रात्रभर खाटेवर बसून राहिली. मी कडी लावली होती, ती तिने काढली, मी पुन्हा लावली, तिने पुन्हा काढली. कुणीही आलं नाही.

उजाडल्यावर ती माझ्या आधी बाहेर पडली. टाकीभोवती वाळू कोरी होती. ती बघत बघत पुढे गेली, मी तिच्या मागे. दुसऱ्या टेकडीपर्यंत काही नाही. तिसरीच्या उतरणीशी गेलो तेव्हा वर, काठापाशी, ओळ होती. काठावरून खाली उतरलेली सात पावलं. मी मोजली. सातव्यापाशी दोन्ही पाय शेजारी शेजारी, खूप वेळ उभे राहिलेले. आणि मग, चार वर्षांत जे मावशीनेही कधी बघितलं नव्हतं, ते. पावलं वळली होती. काठावरून पलीकडे, वाळूच्या आत गेली होती.

आईने वर बघितलं, मग खाली पुसलेल्या उतरणीकडे बघितलं. सगळी वाळू, बाजूने बाजूने, डावीकडून उजवीकडे झाडलेली. तिथे मी एकटीच डावखुरी होते. खोलीत येऊन तिने पिशवी भरली.

बसमध्ये तासभर ती खिडकीबाहेर बघत होती. शेवटी मलाच राहवेना. "आई, तो नव्हता गं तो," मी म्हटलं. "मी ठसे नीट बघितले. बूट त्याचे होते, पण चाल त्याची नव्हती. उजवा पाय वेगळाच. चवडा बाहेर, टाच टेकतच नव्हती, ओढत आणलेला. तो असा कधी चालला नाही. मला भीती वाटली तुझ्यासाठी. ते दाराशी येऊन उभं राहिलं होतं आई, मी तुला सांगितलं नाही."

आई माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"उजवा?" तिने विचारलं.

"उजवा."

"घोट्यातून वाकडा?"

मी मान हलवली.

"त्याने फोन केला होता," आई म्हणाली. "हरवला त्याच्या आदल्या दिवशी, तिथल्या ऑफिसातून. तू दुकानात होतीस. म्हणाला, टेकडीवरून पडलो, उजवा घोटा गेलाय, टाच टेकवत नाही, पण एवढं आलोय तर वाळू बघूनच येणार. मी शोधणाऱ्यांना सांगितलं होतं ते. तुला नाही सांगितलं."

"का नाही सांगितलंस?" माझा आवाज बसमध्ये सगळ्यांनी ऐकला असेल. "मला का नाही सांगितलंस?"

"त्यानेच सांगितलं होतं सांगू नकोस म्हणून. म्हणाला, ताईला कळू देऊ नकोस. फुकटात गेला आणि दवाखान्याचा खर्च घेऊन आला म्हणेल. ती ओरडेल. परत आलो की माझं मी सांगीन." आई पुन्हा खिडकीकडे वळली. "मग तो आलाच नाही, आणि तू इतकी चिडलेली होतीस. कधी सांगू ते मला कळलंच नाही."

मी उठले. ड्रायव्हरकडे गेले आणि बस थांबवायला सांगितली. तो म्हणाला, बाई, परतीची गाडी उद्या दुपारी. इथे उतरून काय करणार? मी तिथेच दांडा धरून उभी राहिले. तो खरं बोलला होता. काय करणार होते? ज्याला परत फिरायचं होतं तो परत फिरला होता. दाराशी तीस पावलांवर येऊन उभा राहिला होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या बहिणीने त्याची वाट पुसली होती.

जागेवर येऊन बसले. आईने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, पी म्हणाली. मी प्यायले. ओरडले असते मी. घोट्याचं कळलं असतं तर नक्की ओरडले असते, दुकानातून फोनवर, गिऱ्हाइकांसमोर, त्याला बोलूसुद्धा दिलं नसतं.